पानं झाडणारी मोलकरीण

आमच्या घरात सगळं दिवस मावळायच्या आत उरकायचं. जेवण तर उरकायचंच, कारण आम्ही जैन, आणि दिवे लागल्यावर ताटाला हात लावलेला आईला खपत नसे. पण फोटो रंगवायचं कामही उजेडातच व्हायचं, आणि त्याचा धर्माशी काही संबंध नव्हता. बल्बच्या उजेडात पिवळा रंग दिसत नाही. दिसत नाही म्हणून माणूस आणखी लावत जातो, आणि सकाळी बघावं तर नवरीला कावीळ. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे ही दोन्ही कामं एकमेकांच्या अंगावर यायची. इकडे चुलीपुढून आई हाका मारतेय, भाकरी फुगतेय, आणि मागच्या खोलीत माझी थोरली बहीण हातातला पदर रंगवून होईतो उठायला तयार नाही. "पद्मे, दिवस चालला गं," आई म्हणायची. "व्हय, त्येलाच धरून बसलीया," असं उत्तर आतून यायचं. मी तिला आक्का म्हणायचे. ती असं चारदोन शब्दांच्या वर क्वचितच बोलायची, म्हणून हे लक्षात राहिलं असेल.

निपाणीत स्टँडकडून पेठेत शिरणाऱ्या रस्त्यावर आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. पुढं काचेची खिडकी आणि तिच्यात नमुन्याचे फोटो. आत गेलं की तळं-राजहंस काढलेला पडदा आणि एक लाकडी खांब, ज्याच्यावर हात ठेवून अख्ख्या निपाणीनं फोटो काढून घेतलेत. त्याच्यामागं अंधारी खोली, मग रंगकामाची खोली, मग आमचं राहतं घर, आणि सगळ्यांत मागं परस. हौदात धुवायला टाकलेल्या फोटोंवर नळाचं पाणी दिवसभर ठिबकत असायचं. शेजारच्या ओसरीत बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत. पान कापणाऱ्या त्यांच्या कात्र्यांचा आवाज एकसारखा यायचा, आणि मधेच कुणीतरी शिंकायचं. वखारी उघडल्या की तंबाखूची धूळ उडायची आणि वाळत घातलेल्या फोटोंवर बसायची. मग आप्पा धावत जाऊन दारं लावून घेत. नव्या पाहुण्याला शिंका सुरू झाल्या की आई म्हणायची, "पोचलं म्हणायचं निपाणीत." आता मी बेळगावात, सांबऱ्याच्या रस्त्याला राहते. डोक्यावरून विमानं जातात, धूळ त्यांचीही असेल, पण शिंक काही येत नाही.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी तिला बोरगावात दिली आणि एकोणिसाव्या वर्षी ती परत आली. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून भाऊजी गेले. आप्पा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. "माझी पोरगी मला जड न्हाय," असं त्यांनी तिच्या सासऱ्याला तोंडावर सांगितलं, हे आई पुढं कितीतरी वर्षं अभिमानानं सांगायची. आप्पा वाईट माणूस नव्हते. हे लिहायला हवं आणि लिहिताना हात जड होतो, कारण ते वाईट असते तर सगळं त्यांच्यावर ढकलून मी केव्हाच मोकळी झाले असते.

रंगकाम आक्का लग्नाआधीच शिकली होती. आप्पांकडून शिकली आणि वर्षभरात आप्पांच्या पुढं गेली. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांना सांगते. तेव्हा फोटो काळा-पांढराच निघायचा. ज्याला रंगीत हवा त्याचा फोटो जरा खरखरीत कागदावर छापायचा आणि त्याच्यावर पातळ तैलरंग हातानं चढवायचे. काडीला कापूस गुंडाळायचा, त्याच्यावर रंग तांदळाएवढा घ्यायचा आणि घासत घासत असा पसरायचा की खालचा फोटो झाकला जाऊ नये. चुकलं तर टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं पुसून काढायचं. गालाला गुलाबी, पानाला हिरवा, आभाळाला निळा. आप्पांचा एक नियम मात्र ठरलेला: आधी कुंकू. बाईचा फोटो पुढ्यात आला की सगळ्यांत आधी कपाळावर लाल टिपका, मग बाकीचं. त्या लाल रंगाच्या नळीला आमच्याकडं कुंकवाचीच नळी म्हणत. तो लाल दुसऱ्या कशाला लावायचा नाही. साडी लाल असली तर तिला दुसऱ्या दोन रंगांचं मिश्रण. आणि फोटोत विधवा बाई असली तर तिला रंगच नाही. तिच्या शेजारचा नातू रंगीत, खुर्ची रंगीत, कुंडीतलं झाड रंगीत, आणि ती होती तशी राखाडी.

एखाद्या घरातल्या बाईचा नवरा गेला की वर्ष-सहा महिन्यांनी ते लोक भिंतीवरचा फोटो काढून आमच्याकडं आणायचे. तोंडानं काही सांगावं लागत नसे. आप्पा फोटो मागं नेऊन द्यायचे, आक्का बोळा भिजवायची आणि त्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसायची, हातातल्या बांगड्यांचा हिरवा पुसायची. दोन मिनिटांचं काम. आमच्या माजघरात आक्काचा आणि भाऊजींचा लग्नातला फोटो होता, तो तिनंच रंगवलेला होता, अगदी हौसेनं, मुंडावळ्यांचा एकेक मोती सोडवून. बोरगावहून परत आल्यावर पंधरा दिवसांनी तो फोटो तिनं स्वतःच भिंतीवरून उतरवला. मी दारात उभी होते. तिनं कुंकू पुसलं, बांगड्या पुसल्या, मग साडी पुसली, हार पुसला, आणि शेवटी स्वतःच्या बाजूचा सगळा रंग काढून टाकला. भाऊजी तेवढे फेट्यासकट रंगीत राहिले. फोटो परत लावला नाही, ट्रंकेत ठेवला. मला वाटलं ती रडेल. तिनं हात धुतले आणि आईला म्हणाली, "पीठ मळू काय?"

परसात देशी बदामाचं एक मोठं झाड होतं. आमच्या भागात पानगळ म्हणून कुणी काही बघायला जात नाही. झाडं भुंडी होतात आणि परत पालवतात, त्यात काय बघायचं. पण हा बदाम पानं टाकण्याआधी लाल व्हायचा. पौषात सुरू व्हायचं. आधी एखादं पान पिवळं, मग तांबूस, मग बघता बघता अर्धं झाड पेटल्यासारखं, आणि तळहाताहून मोठी ती पानं धप धप पडायची. रोज सकाळी अंगणात पानांचा थर. झाडायचं काम आक्काचं. ती मऊ झाडूनं, हलक्या हातानं झाडायची, पानाखाली मुंग्या असतात म्हणून. संक्रांतीच्या आसपास स्टुडिओत काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून बायकांची नुसती रीघ लागायची. पुढं हा कल्ला आणि मागं आक्का झाडतेय. हळदीकुंकवाला तिला कोण बोलावणार? शेंगदाण्याच्या पोळ्या लाटायला मात्र गल्लीतल्या सगळ्या घरांना तीच लागायची.

अशाच एका सकाळी आप्पांच्या कॅमेऱ्यात एक फिल्म शिल्लक राहिली होती. रोल धुवायला काढायचा म्हणून आप्पा म्हणाले, "सुनंदा, मार कुठंतरी." मी परसात गेले आणि आक्काचा फोटो काढला. ती वाकलेली, हातात झाडू, तोंड खाली, चेहरा अर्धाच दिसतोय. वर ते झाड, खाली पानांचा ढीग. फोटो मी काढला. एवढं एक मी आजही सांगते, आणि सांगताना मला माझीच लाज वाटते, कारण कळ दाबण्यापलीकडं त्यात माझं काही नव्हतं.

चार दिवसांनी आप्पांनी कुंकवाची नळी शोधायला सुरुवात केली. संक्रांत तोंडावर, रंगवायला पन्नास बायका पडलेल्या, आणि नळी पिळून चपटी झालेली. आक्कानं ती संपवली होती. तो माझा फोटो तिनं मोठ्या कागदावर छापला होता आणि त्यात फक्त पानं रंगवली होती. झाडावरची, हवेतली दोन, जमिनीवरची, झाडूच्या काड्यांत अडकलेलं एक. प्रत्येक पानाचा लाल वेगळा, कुठं पिवळ्यावर, कुठं जांभळ्याकडं झुकलेला. बाकी भिंत, आभाळ, खोड, आणि ती स्वतः, सगळं काळं-पांढरं तसंच सोडलेलं. आजकाल मोबाईलवर बोट ठेवलं की असं होतं. एक रंग ठेवायचा, बाकीचे घालवायचे, आणि लग्नाच्या अल्बमात नवरीचा शालू तेवढा लाल. तेव्हा आम्ही असं काही पाहिलेलं नव्हतं. रंगीत म्हणजे सगळं रंगीत, नाही तर काहीच नाही.

"हे अर्धवट काय ठेवलंस?" आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणंल, रंग संपला व्हय."

"पुरं झालंय, आप्पा," आक्का म्हणाली.

"आणि कुंकवाची नळी पानास्नी? संक्रांतीला?"

आप्पांनी त्याच दुपारी नवी नळी आणायला कोल्हापूरची गाडी धरली. ते गेल्यावर मी विचारलं, "आक्का, सोताला का न्हाय रंग दिलास?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी काही तरी खुळ्यासारखं विचारलंय. "नियम हाय न्हवं," ती म्हणाली. पण आप्पा परत आल्यावर तो फोटो फाडून टाकतील असं मला वाटलं होतं, ते झालं नाही. त्यांनी तो उजेडात नेऊन पाहिला आणि पुढच्या खिडकीत लावला. लोक थांबून बघायचे. शेजारच्या विडीवाल्या बायका सूप खाली ठेवून येऊन बघून गेल्या. त्यातली एक म्हणाली, "पद्माक्का, ह्यो आपला बदाम एवढा चांगला हाय हे ठावंच न्हवतं बघ." आक्का हसली. तिला हसलेली पाहून आईनं नजर दुसरीकडं वळवली.

त्या उन्हाळ्यात आक्कानं एक फॉर्म आणला. बेळगावात चित्रकला शिकवणारी एक शाळा होती, बायकांनाही घ्यायची, वयाची अट नव्हती, राहायला वसतिगृह होतं. खिडकीतला फोटो पाहून आत आलेल्या कुणा मास्तरांनी तिला हे सांगितलं, आणि तिनं पत्र पाठवून फॉर्म मागवला, घरात कुणालाही न विचारता. फॉर्मबरोबर आपलं स्वतःचं एक काम जोडायचं होतं. आठ दिवस तो फॉर्म रंगाच्या डब्याखाली पडून होता. मग एका संध्याकाळी जेवताना तिनं तो आप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. दिवस मावळायला थोडाच वेळ राहिला होता, आई घाईनं वाढत होती.

आप्पांनी फॉर्म वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "पद्मा, तुला परगावात एकटी कशी ठेवू? बोरगावची माणसं काय म्हणतील? आमच्याकडनं आणली आणि बेळगावला सोडली म्हणतील."

"ती म्हणूदेत," आक्का म्हणाली. इतक्या वर्षांत आप्पांना दिलेलं तिचं ते एकच उलट उत्तर.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, आणि खाल्ला नाही. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, माझं काय करायचं हा घरातला प्रश्न होताच. "हिला जाऊ दे," ते म्हणाले. "हिचं सगळं पुढं हाय. फोटो काढलाय हिनंच की. रंगाचं कोण इचारतंय, एका घरातलंच हाय."

माझी चित्रकला बेताचीच. कागदावर घोडा काढला तर लोक गाय म्हणायचे. मी नको म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. पण बेळगाव, वसतिगृह, मैत्रिणी, निपाणीच्या शिंकांपासून सुटका, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मी पडत्या फळाची आज्ञा मानली. आक्का उठली, तिनं फॉर्म उचलला, खरकट्या हातानं नाही, हात धुऊन, आणि कपाटातून दौत-टाक आणून माझ्यापुढं ठेवला. "नाव तूच घाल," ती म्हणाली. "तुझं अक्षर बरं हाय." मी नाव घातलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो, त्याला फणाही काढावा लागत नाही.

मुलाखतीला मी आणि आप्पा गेलो. आप्पा बाहेर बसले. शाळेचे मुख्य सर उंच, पांढऱ्या केसांचे, फार मऊ बोलणारे. त्यांनी फोटो टेबलावर उभा केला आणि लांब जाऊन बघितला. "सगळ्यांना सगळंच रंगवायचं असतं," ते म्हणाले. "काय सोडून द्यायचं हे कुणाला कळत नाही. तुला या वयात कसं कळलं?" मी खाली बघितलं. त्यांना तो विनय वाटला. मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "आणि ही बाई कोण?"

बहीण म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, याचा मी पुढं आयुष्यभर हिशेब मांडला. तेव्हा मात्र मला एवढंच दिसलं की बहीण म्हटलं की ते विचारणार, काय करते? फोटो रंगवते म्हणायचं? मग हा फोटो कुणी रंगवला? एका उत्तराच्या पाठीमागं सगळी वीण उसवत येणार. माझ्या तोंडात आलं, "आमच्याकडं कामाला आहे, सर. पानं झाडायला येते."

"अच्छा," सर म्हणाले. "म्हणून तिच्या वाट्याला रंग नाही. वा." आणि त्यांनी फॉर्मवर सही केली.

पहिलं वर्ष मी बेळगावात काढलं. शिकले थोडं, कुंदा खाल्ला बराच. शिकवणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं असणार की मुलीचा हात काही त्या फोटोसारखा चालत नाही, पण त्या फोटोच्या पुण्याईवर मला सांभाळून घेतलं गेलं. सुट्टीला घरी जायचे तेव्हा आक्का तशीच. मागच्या खोलीत, उजेडाकडं पाठ करून, काडीला कापूस गुंडाळत. मी नव्या गोष्टी सांगायला लागले की ऐकायची, मधेच एखादा प्रश्न विचारायची, आणि तो प्रश्न असा असायचा की त्याचं उत्तर मला येत नसे. मग मी परत जाऊन सरांना विचारायचे, आणि सर खूश व्हायचे.

पौषात शाळेनं मुलांच्या कामाचं प्रदर्शन मांडलं. मी घरी कळवलं नव्हतं. आप्पांना कुठूनतरी समजलं, त्यांना स्टुडिओ सोडता येईना, संक्रांतीचे दिवस. म्हणून त्यांनी आक्काला पाठवलं. ती सकाळच्या एस.टी.नं आली. राखी रंगाची साडी, डोक्यावरून पदर, हातात पितळी डबा. मी दालनाच्या त्या टोकाला मैत्रिणींबरोबर होते. तिनं मला पाहिलं नाही. ती एकेक चित्र बघत, अगदी सावकाश, पुढं सरकत होती, आणि मग त्या फोटोसमोर येऊन थांबली. त्याला चांगली चौकट केली होती. खाली पुठ्ठ्याची पट्टी लावली होती, वर कानडीत आणि खाली मराठीत. 'पानं झाडणारी मोलकरीण.' त्याखाली माझं नाव. नाव सरांनी ठेवलेलं, पण मोलकरीण मीच त्यांना पुरवली होती. आक्काला दोन्ही भाषा वाचता यायच्या. तिनं दोन्ही वाचल्या. मला लांबून तिचं डोकं थोडं हललेलं दिसलं, वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर.

मी तिच्याकडं निघाले. पाय ओढत निघाले हे खरं. तोवर सर तिच्याजवळ पोचले होते. त्यांनी तिला पाहिलं, फोटो पाहिला, परत तिला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, या तर त्याच," ते म्हणाले. "सुनंदा, ओळख करून दे की."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आज सांगता येत नाही. मला वाटतं, मी खरं सांगणार होते. पण असं वाटणं आता फुकट आहे.

आक्काच बोलली. "मी ह्यांच्याकडं कामाला हाय," ती म्हणाली. "डबा द्यायला आलते."

"फोटो आवडला का तुम्हाला?" सरांनी विचारलं.

ती वळून फोटोकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. "पानं बरी रंगवल्यात," ती म्हणाली. मग तिनं डबा माझ्या हातात दिला. "पोळ्या हाईत. येळंवर खावा," ती मला म्हणाली. सात वर्षांनी मोठी बहीण मला अहोजाहो करत होती, चार माणसांत, शांतपणे, आणि तिच्या आवाजात टोमणा शोधूनही सापडत नव्हता. मी तिला थांबवलं नाही. स्टँडपर्यंत सोडायलाही गेले नाही, कारण मोलकरणीला स्टँडपर्यंत सोडायला कोण जातं? डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या, वर तुपाची वाटी. मैत्रिणींनी पोळ्यांची फार तारीफ केली. त्यांच्यासमोर मीही दोन खाल्ल्या.

पुढं सगळं रीतसर झालं. मी चित्रकलेची शिक्षिका झाले, एकाच शाळेत निवृत्त झाले, आणि पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गाला काय सोडून द्यायचं ते शिकवलं. सरांचंच वाक्य वापरायचे. रंगीत फिल्म आली आणि वर्षा-दोन वर्षांत हातानं रंगवायचं काम बंद पडलं. आक्कानं नळ्यांची टोपणं घट्ट लावून डबा माळ्यावर टाकला. आई गेली, आप्पा गेले, स्टुडिओची जागा दुसऱ्यांना गेली, मागचं घर तेवढं राहिलं आणि त्यात आक्का. मी बोलावलं की म्हणायची, "येतो की," आणि यायची नाही. बेळगावला ती त्यानंतर कधीही आली नाही.

एकदाच मी विषय काढला. ती सत्तरीला आली होती, मी निवृत्त झाले होते. हिवाळा होता, ती परसात झाडत होती आणि मी पायरीवर बसून चहा पीत होते. मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी तू असं का म्हणालीस?" कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही.

"तू आधी म्हणालीस," ती म्हणाली. "मी नुसतं व्हय म्हटलं."

"तू खरं सांगितलं असतंस तर—"

"तर तू घरी आली असतीस. आप्पांनी एकीला सोडलं, तीबी माघारी. मग दोघींनी कुकवं पुसत बसायचं व्हतं काय?" तिनं ढीग एका बाजूला केला. झाडू भिंतीला टेकवला. "चा गार झाला बघ तुझा."

माफी मागायला याहून सोपी वेळ कधी येणार नव्हती, आणि मी चहा प्यायले. माणूस किती कोडगं होऊ शकतं याची मला पुस्तकात वाचून माहिती नाही.

आक्का गेल्या माघात गेली. झोपेतच, कुणालाही त्रास न देता, तिच्या स्वभावाला धरून. दहा दिवसांनी दुखवट्याला जमलेल्या माणसांनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. मी सगळं धुंडाळलं. ट्रंकेतला लग्नाचा फोटो निघाला, पण पुसता पुसता तिनं चेहराही घासला होता, तो ओळखू येत नव्हता. ज्या बाईनं अख्ख्या निपाणीच्या बायकांची कपाळं रंगवली, आधार कार्डावरचा ओळखू न येणारा सोडला तर तिचा दुसरा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. विधवेचा फोटो कशाला काढायचा? राहिला तो एकच. शाळेनं जागा बदलताना मला परत दिला होता. कपाटामागं, चौकटीसकट, पट्टीसकट.

मी तो इथल्या एका फोटोच्या दुकानात घेऊन गेले. संगणकावर एक तरुण मुलगी होती, हात भराभर चालणारी, बोलायला गोड. तिनं फोटो मशीनवर ठेवला, पडद्यावर मोठा केला आणि म्हणाली, "हे तर सिलेक्टिव्ह कलर. हल्ली लग्नात लई मागत्यात. कोणत्या ॲपमध्ये केलंय, आज्जी?"

"हातानं," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटलं नसावं. तिनं आक्काला झाडापासून वेगळं काढलं, आणखी मोठं केलं. "तोंड खाली हाय की. दुसरा न्हाय काय?"

"नाही."

"कलर भरू? साडीला, चेहऱ्याला? दोन मिन्टं लागत्यात. नाहीतर पाठीमागचं लाल काढून टाकतो, भिंतीवरच्या फोटोला बरं दिसत न्हाय ते."

"लाल राहू दे," मी म्हटलं. "बाकी कशाला हात लावू नको. पुरं झालंय ते."

तिनं खांदे उडवले. चौकटीवरची जुनी पट्टी तिच्या लक्षात आली, तिनं ती वाचली, आणि सहज, काम करता करता, जसं कुणीही विचारेल तसं विचारलं, "ह्या कोण हो तुमच्या?"

"माझी थोरली बहीण," मी म्हटलं. "हा फोटो तिनंच रंगवलाय. खाली नाव माझं आहे ते खोटं आहे."

शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं बोलले असेन. शेजारी पासपोर्टचे फोटो घ्यायला आलेला एक माणूस वळून बघायला लागला. ती मुलगी पडद्याकडंच बघत होती. "हं," ती म्हणाली. "साईज कुठली करू? आणि खाली नाव काय टाकायचं?"

मी आक्काचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तिनं ते एका दमात टाइप केलं आणि बरोबर आहे का बघायला पडदा माझ्याकडं वळवला. त्या फोटोखाली आक्काचं नाव मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्या आधी 'कै.' तिनं न सांगताच टाकलं होतं.